गाडी चालवताना फोन घेणाऱ्याला दंड आहे, पण चालत्या गाडीवर फोन करणाऱ्या मालकाचं काय?

ओतूरची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण पूर्ण वाचा. मला खरंच उत्तर हवंय.

माझे मिस्टर पिकअप चालवतात. गाडी आमची नाही, मालकाची आहे. ओतूर, डिंगोरे, मढ या पट्ट्यातली कोथिंबीर, मेथी आणि टोमॅटोचे क्रेट संध्याकाळी भरायचे, माळशेज घाट उतरायचा आणि टोकावडे, मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत रात्रीच वाशी मार्केटला पोचायचं. पालेभाजीचं गणित तुम्हाला माहीत असेल. माल लवकर लागला तर भाव, उजाडल्यावर लागला तर मिळेल ते.

म्हणून गाडी हलली की फोन सुरू होतात. आधी मालकाचा, "निघालास का?" मग ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याचा, "माझ्या जुड्या वर ठेवल्यात ना? दबल्या तर भाव पडेल." मग वाशीच्या गाळ्यावरून, "किती वेळ लागेल? किती डाग (नग) आहेत?" घाटात रेंज जाते, तेवढाच त्यांना निवांतपणा. घाट उतरून मोरोशीकडे आले की मघाचे सगळे मिस कॉल एकदम येऊन पडतात आणि पहिला फोन लागतो तो मालकाचा, "फोन का लागत नव्हता?" गाडीला मालकाने स्वतः जीपीएस बसवलंय. गाडी कुठे आहे, किती वेगाने चाललीय, सगळं त्याच्या मोबाईलवर दिसतं. तरी फोन करतो. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं, आणि "दुसरा ड्रायव्हर बघतो" हे तर ठरलेलंच.

मागच्या महिन्यात कल्याणजवळ यांना फोन कानाला लावलेला असताना पकडलं. फोन मालकाचाच होता. चलान गाडीच्या नंबरवर म्हणजे मालकाच्या नावाने गेलं आणि मालकाने ते पैसे यांच्या पगारातून कापले.

पोलिसांनी पकडलं ते योग्यच केलं. गाडी चालवताना फोन नकोच, कायदा कडकच हवा, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. माझ्या घरातला माणूस रात्री घाट उतरतो. घरून आम्ही कुणीही त्यांना गाडी चालू असताना फोन करत नाही, पोचले की तेच करतात. पण ज्याने गाडी चालू आहे हे डोळ्यांनी बघून फोन लावला, त्याला या कायद्यात काहीच नाही का? आणि नसेल तर असायला नको का? मला वाटतं, असायलाच हवं. जाणकारांनी सांगावं.

---

जुन्नर कोर्टातला एक वकील

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. जेवढं कायद्यात लिहिलंय तेवढं सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४, धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे. १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारणा लागू झाली आणि गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं हे या कलमात स्पष्ट शब्दांत आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड. शिवाय परवाना निलंबित होऊ शकतो. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितलंय की फोन वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. तुमच्या मिस्टरांसाठी दंडापेक्षा हे जास्त गंभीर आहे, कारण परवाना गेला तर कामच गेलं. मोबाईल नकाशासाठी, रस्ता बघायला वापरता येतो. ऑक्टोबर २०२० पासून नियमात तशी मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आता मालकाकडे येऊ. याच कायद्यात वेगमर्यादेचं कलम १८३ आहे. त्यात नुसता चालक नाही. आपल्या नोकरीतल्या किंवा ताब्यातल्या माणसाला वेगमर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाराही गुन्हेगार धरलाय. इतकंच नाही, "अमुक वेळेत पोच" असा हुकूम दिला आणि वेग मोडल्याशिवाय तेवढ्या वेळेत पोचणं शक्यच नाही असं न्यायालयाला दिसलं, तर तो हुकूमच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा मानावा असंही लिहिलंय. म्हणजे मालकाच्या दबावाने चालक चुकतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. वेगाच्या बाबतीत त्यांनी ते लिहिलं. फोनच्या बाबतीत २०१९ साली कलम नव्याने लिहिताना मात्र मालकाचा उल्लेख केला नाही.

तरी एक वाट आहे. कलम १८८. कलम १८४ च्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्याला, म्हणजे तो करायला चिथावणाऱ्याला, मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. गाडी चालू आहे हे जीपीएसवर दिसत असताना मालक फोन करतो आणि न उचलल्यास कामावरून काढायची धमकी देतो, ही अपप्रेरणा आहे असं मी न्यायालयात नक्की मांडीन. मात्र फोनवरच्या बोलण्यासाठी मालकावर असा खटला चाललेला माझ्या तरी पाहण्यात नाही. सिद्ध करणं कठीण, आणि चालक तक्रार करणार कुणाविरुद्ध, तर स्वतःच्या पोशिंद्याविरुद्ध. म्हणून कलम १८४ मध्येच १८३ सारखे शब्द यावेत असं माझंही मत आहे.

पगारातून दंड कापण्याचा मुद्दा वेगळा आहे, तो कामगार कार्यालयात विचारा.

---

निवृत्त एसटी चालक

ताई, मी एसटीत चालक होतो. माळशेज दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा उतरलोय. पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरतं की पुढचा दगडी कठडासुद्धा दिसत नाही. दरड कुठे आली असेल सांगता येत नाही. ताशी ४० ने गाडी चालली तरी सेकंदाला ११ मीटर जाते. खिशातून फोन काढून नाव वाचायला तीन सेकंद लागले तर ३३ मीटर गाडी न बघता गेली. माळशेजच्या वळणांवर ३३ मीटर म्हणजे काय, ते घरधन्यांना विचारा.

आमच्या वेळी मोबाईल नव्हते. पण चालकाचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये ही व्यवस्था तेव्हाही होती, हे आजच्या लोकांना माहीत नसतं. चालकाशी बोलू नका अशी सूचना गाडीत लिहिलेली असायची. वाहकाला मला काही सांगायचं असेल तर तोंडाने नाही, घंटीने. एक टोला थांबा, दोन टोले चला. मागे भांडण होवो, कुणाचं सुट्ट्या पैशांवरून वाजो, माझ्यापर्यंत फक्त टोला यायचा. निरोप कुणी, कधी आणि कसा द्यायचा हे ठरलेलं होतं. तुमच्या मालकाने हेच ठरवलेलं नाही.

महामंडळाने अलीकडे चालकांना गाडी चालवताना मोबाईल आणि हेडफोनची बंदी घातली ते उत्तम केलं. मार्च २०२५ मध्ये दादर ते स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशाने चित्रण करून थेट वर पाठवलं. चालक घरी गेला, आणि ज्या खाजगी कंपनीची गाडी होती तिलाही पाच हजारांचा दंड झाला. बघा, कंपनीला दंड करता येतो. पाच हजार ही रक्कम कंपनीला काहीच नाही, पण सुरुवात म्हणून मी ती महत्त्वाची मानतो.

---

पुण्याचा डिलिव्हरीवाला

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण कायदा कायदा करताना आमच्यासारख्यांचा विचार कुणी करत नाही.

माझी दुचाकी आहे. फोन हँडलला लावलेला असतो, कारण तो नसेल तर माझं काम नाही. ऑर्डर आली की स्क्रीनवर काटा फिरायला लागतो. तेवढ्यात स्वीकारली नाही तर गेली. बऱ्याच ऑर्डर नाकारल्या तर पुढे ऑर्डरच कमी येतात. मी तेव्हा सिग्नलला आहे की कर्वे रोडच्या गर्दीत, हे ॲपला कळत नाही असं नाही. त्याला माझा वेगसुद्धा कळतो. गिऱ्हाईक मधेच फोन करतं, "कुठे आहात, नकाशात तर चौकात दिसताय." उचलला तर पोलीस, नाही उचलला तर एक तारा.

आणि आकडे बघा ना. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारच्याच अहवालात त्यातली ७० टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात आहेत आणि मोबाईलच्या खात्यात दोनेक टक्के. मग आधी वेग, खड्डे, उलट्या बाजूने येणारे यांचं बघा. गरिबाच्या हातातला फोन दिसतो म्हणून त्यालाच पकडायचं हे मला पटत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. गाडी चालू असताना ऑर्डर पाठवूच नका. गाडी थांबली की पाठवा. हे करणं ॲपवाल्यांना अवघड नाही. बंदी घालायचीच तर त्यांच्यावर घाला.

---

जुन्नर कोर्टातला एक वकील

भाऊ, तुमची मागणी आणि ताईंची मागणी एकच आहे, हे लक्षात घ्या. दोघेही म्हणताय की ज्याच्या हातात काम देण्याची सत्ता आहे त्याला जबाबदार धरा.

फक्त त्या दोन टक्क्यांबद्दल. हा आकडा जागेवरच्या पोलिसाने नोंदवलेल्या कारणावरून बनतो. अपघातानंतर कोण सांगणार की मी फोनवर होतो? चालक गेला असेल तर प्रश्नच मिटला. फोन ताब्यात घेऊन त्या मिनिटाला काय चालू होतं हे प्रत्येक प्रकरणात तपासलं जात नाही. वेगाचं तसं नाही, गाडीची अवस्था बघून कुणीही "अतिवेग" लिहितो. त्यामुळे मोबाईलचा खरा वाटा कागदावर आहे त्यापेक्षा मोठा असणार असं मला वाटतं. म्हणून आकडा लहान आहे म्हणून विषय लहान, हा युक्तिवाद मी मान्य करणार नाही.

---

वाशीचा गाळेवाला

भाजीपाल्याच्या व्यापारात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ताई, तुमच्या मिस्टरांना गाळ्यावरून फोन जातो तो हौसेने जात नाही. गाडी किती वाजता लागणार यावर माल उतरवायला माथाडी कधी बोलवायचे ते ठरतं. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला कोथिंबीर हवी असते, "अर्ध्या तासात येतेय" म्हटलं तर थांबतं, नाहीतर शेजारच्या गाळ्यावर जातं. नुकसान शेवटी शेतकऱ्याचंच होतं, पट्टी म्हणजे विक्रीचे पैसे त्याचे कमी येतात. फोन करणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं तर उद्या कुणी ड्रायव्हरला "सावकाश ये" म्हणायलाही फोन करणार नाही.

माझ्या मते कायद्यापेक्षा सोय बघावी. गाडीत क्लीनर असेल तर फोन क्लीनरला करावा. ड्रायव्हरचा नंबर गाळ्यावर देऊच नये.

---

ओतूरची लेक

गाळेवाले दादा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पण क्लीनर आहे कुठे? पूर्वी पिकअपवर जोडीला एक पोरगा असायचा. त्याचा पगार वाचवायला मालकांनी तो काढला. आता चालवायचं, ताडपत्री बांधायची, क्रेट मोजायचे, पावत्या सांभाळायच्या आणि फोनही उचलायचे, सगळं एकट्याने. रात्री दोन वाजता टायर पंक्चर झाला तर जॅक लावायलाही दुसरा हात नाही. आणि क्लीनर काढला त्याच वर्षी फोन वाढले, कारण तो जे सांगायचा ते आता यांना विचारतात.

आणि "सावकाश ये" म्हणायला फोन आल्याचं मला तरी यांनी कधी सांगितलेलं नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण खरी आहे. पण गाडी किती वेळात येईल हे जीपीएसवर दिसतं ना. मालकाने ते लोकेशन गाळ्यावर पाठवलं तर विचारायची गरजच उरत नाही. मी मालकाला हे सुचवलं. म्हणाला, "व्यापाऱ्याला लोकेशन दिलं तर माझी गाडी अजून कुठे कुठे थांबते ते त्याला कळेल." म्हणजे त्याच्या धंद्याचं गुपित राहावं म्हणून माझ्या माणसाने वळणावर फोन उचलायचा. हे मला सहन होत नाही. म्हणून नुसत्या सोयीवर माझा भरवसा नाही, कायदा पाहिजे. सोय त्याच्या मनावर असते. कायदा असला तर तो फोन लावण्याआधी विचार करेल.

---

लेस्टरहून एक मालवाहतूकवाला

मूळचा साताऱ्याकडचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. गाड्या कुठे पाठवायच्या ते ठरवायचं काम करतो. म्हणजे ताईंच्या गोष्टीतला फोन करणारा माणूस इथे मीच.

इथे हातात फोन धरून चालवायला डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. आणि त्याच नियमात पहिल्या दिवसापासून एक पोटकलम आहे. दुसऱ्याला असं करायला लावणारा किंवा करू देणारा, तोही दोषी. तुम्हाला हवंय ते नेमकं हेच. २०१७ पासून दंड २०० पौंड आणि परवान्यावर सहा दंडगुण. परवाना मिळून दोन वर्षं झाली नसतील तर सहा दंडगुणांत परवानाच जातो. मार्च २०२२ मध्ये नियम आणखी घट्ट केला, कारण लोक म्हणायचे की मी बोलत नव्हतो, फक्त फोटो काढत होतो किंवा गाणं बदलत होतो. आता हातात धरून काहीही केलं तरी गुन्हा. लॉरी किंवा बसच्या चालकाला न्यायालयात २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

याचा माझ्या कामावर काय परिणाम होतो ते सांगतो. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर गाडी चालू दिसत असेल तर मी चालकाला फोन लावत नाही. कंपनीने तसं लेखी दिलंय. निरोप लिहून ठेवतो, तो गाडी थांबल्यावरच त्याला दिसतो. गिऱ्हाइकाला वेळ हवी असेल तर ती मी देतो, चालक देत नाही. कंपनी दयाळू आहे म्हणून हे झालेलं नाही. चालकाने माझा फोन घेताना अपघात केला तर चौकशी माझ्यापर्यंत आणि कंपनीच्या मालवाहतूक परवान्यापर्यंत येते. ती भीती खरी आहे, म्हणून व्यवस्था लागली.

एका बाबतीत मात्र इथला कायदाही अपुरा आहे असं माझं मत आहे. हात मोकळे ठेवून, ब्लूटूथवर बोलणं इथे चालतं. भारतातही कलमात शब्द हातात धरलेल्या साधनाचेच आहेत. पण कॅनडातल्या टोरंटोमध्ये अपघात झालेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ साली एक अभ्यास छापून आला. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हात मोकळे असलेल्या फोनने तो कमी झालेला दिसला नाही. कारण हात मोकळे असले तरी डोकं मालकाच्या प्रश्नात गुंतलेलं असतं. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की गप्प होतो, फोनवरच्याला वळण दिसत नाही. त्यामुळे ताई, उद्या मालक "ब्लूटूथ घेऊन देतो" म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नका.

---

पुण्याचा डिलिव्हरीवाला

लेस्टरवाल्या दादांचं "निरोप गाडी थांबल्यावरच दिसतो" हे वाचून बरं वाटलं. मी तेच म्हणतोय. म्हणजे होऊ शकतं.

वकीलसाहेब, तुमचं दोन टक्क्यांचं म्हणणंही लक्षात आलं. पण माझ्यासारख्याला कुणी नोकर मानत नाही, "भागीदार" म्हणतात. मग तुमच्या १८३ मधलं "नोकरीतला किंवा ताब्यातला" आम्हाला लागू होईल का?

---

जुन्नर कोर्टातला एक वकील

"किंवा ताब्यातला" हे शब्द त्यासाठीच उपयोगाचे आहेत. कागदावर भागीदार म्हटलं तरी काम देणं, बंद करणं, पैसे ठरवणं समोरच्याच्या हातात असेल तर तुम्ही त्याच्या ताब्यात आहात असं मांडता येईल. न्यायालय मान्य करेलच अशी हमी मी देत नाही. म्हणून कायद्यात बदल मागताना ॲपवरून काम देणाऱ्यांचा उल्लेख वेगळा करावा.

ताई, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जे कॅमेरे लागलेत ते मोबाईल वापरणाराही टिपतात. असे कॅमेरे वाढत जाणार आणि चलानं चालकांवरच येत राहणार. त्या चलानाबरोबर त्या वेळेला फोन कुणाचा होता हे नोंदवायची सोय झाली, तर १८८ जिवंत होईल. फोनच्या नोंदी तपासासाठी मागवता येतात, ही नवी गोष्ट नाही. निदान मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघातात मालवाहू गाडीच्या चालकाला शेवटचा फोन कुणाचा होता हे तपासणं सक्तीचं करा, एवढी मागणी तरी आजच करता येईल.

---

ओतूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. वेगाच्या कलमात मालक आहे आणि फोनच्या कलमात नाही, हे कालपासून जो भेटेल त्याला सांगतेय.

मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. एसटीवाल्या काकांचं घंटीचं त्यांना फार पटलं. आमच्या भागातल्या दहा-बारा चालकांच्या घरच्या बायका एकमेकींना ओळखतो. आम्ही ठरवलंय की आधी मालकांना एकत्र भेटायचं. मागण्या सरळ आहेत. चालकाला फोन फक्त तीन ठिकाणी, घाट उतरायच्या आधी खुबी फाट्याला, मुरबाडला आणि शिळफाट्याला. तिथे गाडी थांबवून तेच फोन करतील. मधल्या वेळात काही सांगायचं असेल तर मेसेज टाकून ठेवा, उत्तराची घाई करू नका. गाळ्यावर चालकाचा नंबर द्यायचा नाही, मालकाचा द्यायचा. मालकाच्या फोनमुळे चलान झालं तर पैसे मालकाचे. आणि रात्रीच्या फेरीला क्लीनर परत हवा, यावर मी सर्वांत जास्त अडून बसणार आहे.

दुसरं, परिवहन आयुक्तांना आणि आमच्या आमदार-खासदारांना निवेदन. त्यात कलम १८४ मध्ये "चालवायला लावणारा" हे शब्द, ॲपवाल्यांचा वेगळा उल्लेख, आणि मृत्यूच्या प्रकरणात फोनच्या नोंदींची सक्ती. वकीलसाहेब, मसुदा तुम्ही बघून द्याल का? लेस्टरवाले दादा, तुमच्या कंपनीने लेखी दिलंय म्हणालात, त्यातलं काय काय असतं ते नाव न घालता इथे लिहिलंत तर मालकांना दाखवता येईल.

गाळेवाले दादा, तुम्हालाही एक विनंती. मार्केटमधल्या तुमच्या ओळखीच्या दोन-चार गाळ्यांना विचारून बघा, गाडीची वेळ मालकाकडून घेतली तर त्यांना चालेल का. ते हो म्हणाले तर आमच्या मालकाला कारण सांगायला काही उरणार नाही.

---

वाशीचा गाळेवाला

विचारतो. दोघे तर लगेच हो म्हणतील. त्यांना वेळ कळल्याशी मतलब, ती कोण सांगतो याच्याशी नाही. पण मालकाने फोन उचलला पाहिजे, रात्री एक वाजता झोपलेला चालणार नाही. हे तुमच्या मागण्यांत घाला.